तवंग दिसेनासा होतो, तेल पाण्यातच राहतं

हौसेनं छोटी बोट बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच: ‘पाण्यात कपभर पेट्रोल किंवा डिझेल सांडलं तर घाबरू नका. एवढ्या पाण्यात ते कुठल्या कुठे जातं, उरलेलं उन्हात उडतं. तवंग फारच दिसला तर भांड्यांचा साबण शिंपडा, मिनिटभरात पाणी स्वच्छ. खरं प्रदूषण मोठी तेलवाहू जहाजं, म्हणजे टँकर करतात. आणि इंधन भरताना थोडं सांडणारच.’ या सगळ्यात साबणाचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो.

साबण पडला की तवंग फुटतो, हे डोळ्यांदेखत घडतं. लोकांचा विश्वास बसतो तो त्यामुळेच. पण साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. तेलाच्या थराचे अगदी बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात मिसळून खाली उतरतात. तेल थेंबभरही कमी झालेलं नसतं. वर तरंगत होतं तोवर ते टिपून घेता येत होतं, काही हवेत उडतही होतं. आता ते मासे, शिंपले आणि अंड्यांच्या अवतीभवती पसरलेलं असतं, आणि जगातलं कुठलंच तेल टिपणारं पॅड ते परत उचलू शकत नाही. वर साबण स्वतःही माशांच्या कल्ल्यांना इजा करतो.

याचा मोठा दाखला १९६७ चा आहे. ‘टोरी कॅन्यन’ हा टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापाशी खडकावर आदळला आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आलेलं तेल घालवायला सुमारे १०,००० टन डिटर्जंट वापरलं गेलं. ज्या खडकांवर नुसतं तेल आलं, तिथले शंख-शिंपल्यांचे जीव बऱ्याच प्रमाणात तगले. जिथे डिटर्जंटचा मारा झाला, तिथे त्यांचा जवळजवळ फडशा पडला आणि त्या जागा पूर्वपदावर यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. ‘मग मोठ्या गळतीत आजही रसायनं का फवारतात?’ असं कोणी विचारेल. ती रसायनं वेगळी, कमी विषारी असतात. आणि कुठे फवारायची, पाणी किती खोल आहे, याचा निर्णय जबाबदार यंत्रणा घेते. जेटीवर उभं राहून बाटली पिळणं म्हणजे ते नव्हे. अमेरिकेत तर परवानगीशिवाय गळतीवर साबण टाकणं हा दंडनीय गुन्हा आहे.

‘उन्हात उडून जातं’ हे अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. उबदार हवेत पेट्रोलचा पातळ थर बहुतांश काही तासांत उडतो. डिझेल मात्र तसं नाही, त्याचा बराच भाग मागे राहतो. पेट्रोलमधलंही सगळंच वर जात नाही. त्यातलं बेन्झिन काही अंशी पाण्यात विरघळतं, आणि बेन्झिनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. शिवाय ‘उडून जातं’ ही काही दिलासा देणारी गोष्ट नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते.

‘कपभर तेलानं काय होतं?’ पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसायला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा साधारण तिसरा हिस्सा एवढा थर पुरतो. त्या हिशेबानं २०० मिलिलिटर तेल साडेसहाशे चौरस मीटर पाणी झाकू शकतं. अनेक माशांची अंडी आणि पिल्लं नेमकी याच वरच्या थरात तरंगत असतात. डिझेलमधली काही संयुगं अगदी कमी प्रमाणातही माशांच्या भ्रूणातल्या हृदयाची वाढ बिघडवतात. आणि बोटी उभ्या असतात त्या बंदिस्त, संथ पाण्यात. तिथे प्रत्येकाचा कप वेगळा राहत नाही.

टँकरांचं म्हणाल तर ७०० टनांहून मोठ्या टँकर-गळती १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चोवीसच्या आसपास होत, २०१० च्या दशकात त्या वर्षाला दोनच्याही खाली आल्या. दुसरीकडे, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, उत्तर अमेरिकेच्या समुद्रात माणसामुळे जाणाऱ्या तेलापैकी सुमारे ८५ टक्के तेल जमिनीवरून वाहून येणारं पाणी, नद्या, विमानं आणि छोट्या बोटी यांतून येत होतं. यात छोट्या बोटींचा वाटा सर्वांत मोठा नाही, पण तो आपल्या हातातला आहे. जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक इंजिनं तर पाव भागाच्या आसपास इंधन न जळताच पाण्यात सोडतात. त्यामुळेच अमेरिकेतल्या लेक टाहो या तलावावर १९९९ पासून अशा इंजिनांना बंदी आहे.

आता ‘भरताना थोडं सांडणारच’. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे वाक्य, कारण छोट्या बोटींचं बरंचसं सांडणं इंधन भरतानाच होतं आणि ते जवळजवळ सगळं टाळता येतं. टाकीत इंधन शिरतं तशी आतली हवा बोटीच्या कडेला असलेल्या व्हेंटमधून बाहेर पडते. टाकी काठोकाठ भरली की त्याच भोकातून इंधनाची पिचकारी थेट पाण्यात उडते. भरणाऱ्याचं लक्ष नोझलकडे असतं, त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून भरताना एक हात व्हेंटपाशी धरा. टाकी भरत आली की हवेचा झोत एकदम जोर धरतो आणि भरण्याच्या नळीतला आवाजही बारीक होत वर चढतो. तिथेच थांबा. नोझलचा खटका अडकवून बाजूला जाऊ नका, त्याच्या आपोआप बंद होण्यावर विसंबू नका. नोझलभोवती शोषक कापड गुंडाळा आणि व्हेंटखाली टिपून घेणारी बाटली चिकटवा.

टाकी साधारण ९० टक्केच भरायची. थंडगार इंधन उन्हात फुगतं. १०० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर जवळपास दीड लिटरनं वाढतं, आणि ते जायचं व्हेंटमधूनच. बोट जेटीला बांधून तुम्ही घरी गेल्यावर होणारी ही गळती कोणी पाहतही नाही. सुट्या टाक्या बोटीत भरूच नयेत, जमिनीवर ठेवून भराव्यात. पेट्रोल भरताना दारं-झडपा बंद असू द्या. नंतर तळात वाफेचा वास घ्या, ब्लोअर (तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा आणि मगच इंजिन सुरू करा.

बोटीच्या तळाशी साचणारं पाणी हा दुसरा चोरमार्ग. इंधनाची नळी आवळणाऱ्या सैल क्लॅम्पमधून ठिबकणारं डिझेल तिथे उतरतं आणि आपोआप चालणारा पंप ते बाहेर फेकतो. पंप बंद ठेवणं हा उपाय नाही, त्यानं बोटच बुडेल. तळात पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची शोषक गुंडाळी टाकून ठेवा. ती पाणी सोडून तेलच धरते. नळ्या आणि क्लॅम्प ठरावीक काळानं तपासा.

एवढं करूनही सांडलंच तर आधी सांडण्याचं मूळ बंद करा. विडी-सिगारेट विझवा, इंजिन किंवा कुठलंही विजेचं बटण चालू करू नका. डिझेल असेल तर कडेला अडवून तेलशोषक पॅडनं टिपा. ते प्रॉपेलरनं घुसळू नका. पेट्रोल असेल तर मात्र पाण्यात अडवून साठवायला जाऊ नका, अडवलेल्या पेट्रोलवर वाफेचा दाट थर जमतो. वारा ज्या दिशेनं येतोय त्या बाजूला लोकांना न्या. दोन्ही बाबतींत जेटीवाल्यांना आणि बंदराच्या यंत्रणेला लगेच कळवा, लपवू नका. भिजलेली पॅड रोजच्या कचऱ्यात टाकू नका. उन्हात तापणाऱ्या बंद कप्प्यातही ठेवू नका. झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.