पतसंस्था रिझर्व्ह बँकेकडे गेलेल्या नाहीत

‘२०२० च्या दुरुस्तीने सगळ्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेकडे गेल्या, राज्याचा अधिकार संपला’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

घटनेत बँकिंग संघसूचीत (केंद्राचे विषय), सहकारी संस्था राज्यसूचीत (राज्याचे विषय). त्यामुळे नागरी सहकारी बँकांवर १९६६ पासूनच रिझर्व्ह बँक आणि राज्य असा दुहेरी अंमल आहे. २०२० ला बँकिंग नियमन कायद्यातल्या त्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा हात संचालक मंडळ बरखास्त करण्यापर्यंत पोहोचला, तोही राज्याशी सल्लामसलत करून. पतसंस्था मात्र बँकच नव्हे! तिची नोंदणी सहसा महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली, आणि (हे मेसेजवाले सांगत नाहीत) तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षणही नाही.

केंद्राने ९७व्या घटनादुरुस्तीतून सहकारात हात घातला होताच. निम्म्या राज्यांची मंजुरी न घेतल्याने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिने घटनेत घातलेला सहकाराचा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द ठरवला.