स्फटिक पाण्यात दिसेनासा होत नाही

महाशिवरात्र जवळ आली, गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या यात्रेची तयारी सुरू झाली की व्हॉट्सॲपवर तो मेसेज हमखास फिरतो: ‘खरा स्फटिक पाण्यात टाकताच अदृश्य होतो. दिसला तर समजा, काच आहे.’

हे साफ चूक आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.३३; स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, १.५४ च्या वर. एवढा फरक असला की पाण्यात कडा दिसणारच. साध्या काचेचा साधारण १.५२, म्हणजे तीही जवळपास तशीच दिसते. पाण्यात खरोखर नाहीसा होणारा खडा हवा असेल तर तुरटी टाका, ती विरघळते!

स्फटिकाचा मोठा गोळा असेल तर पांढऱ्या कागदावर एक केस ठेवा, त्यावर गोळा ठेवून हळूहळू फिरवा. खऱ्या स्फटिकातून काही बाजूंनी एका केसाचे दोन दिसतात, काचेतून एकच. माळेच्या बारीक मण्यांत हे नीट कळत नाही. तिथं मणी उन्हात धरून भिंगातून पाहा. आत गोल बुडबुडे दिसले तर काच. स्फटिक काचेपेक्षा कठीण, हे खरं. पण म्हणून पूजेतली पिंड बाटलीवर घासत बसू नका.

त्याच मेसेजचं शेपूट: ‘कापूर जाळल्यानं घरात ऑक्सिजन वाढतो.’ उलट आहे. कापूर जळताना ऑक्सिजन खातो, वर काजळीही सोडतो. आरती खुशाल करा, फक्त दार-खिडकी उघडी ठेवा.