वेगळी संघटना कशाला, म्हणे!

आमच्या वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज एका विद्वानांनी विचारलं, "अमेरिकेत काळ्या वकिलांची वेगळी बार असोसिएशन? शंभर वर्षं? हा उलटा वर्णद्वेषच की!" खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

अहो साहेब, आधी काय घडलं ते बघा. १९१२ साल. विल्यम लुईस तेव्हा अमेरिकेचे असिस्टंट ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे बडे कायदा अधिकारी. अमेरिकन बार असोसिएशनने त्यांना सभासद करून घेतलं, मग कळलं की माणूस काळा आहे, आणि कार्यकारिणी त्यांना काढायला निघाली! त्यांचं आणि आणखी दोघांचं सभासदत्व कसंबसं टिकलं. पुढच्यांसाठी मात्र नियम झाला, अर्जात वंश लिहायचा.

वंशाचा रकाना! मी नवीकोरी ज्युनिअर असताना तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये एका सीनियरनी विचारलं होतं, "नाव कळलं गं, आडनाव काय?" सांगितलं. "हं. गाव कुठलं?" तेही सांगितलं. मग चहा आला. मला सोडून सगळ्यांना.

लुईस यांच्यानंतर तेरा वर्षांनी, १९२५ मध्ये, आयोवातल्या डे मॉइन शहरात बारा जणांनी निग्रो बार असोसिएशन काढली. आजची नॅशनल बार असोसिएशन ती हीच. त्या बारांत गर्ट्रूड रश एकट्याच बाई. १९१८ ला आयोवात सनद मिळवणारी पहिली काळी स्त्री. त्या खोलीत त्या कशा बसल्या असतील, हाच विचार सकाळपासून डोक्यात आहे.

वॉशिंग्टनमध्ये तर कोर्टाच्या इमारतीतली लायब्ररीच गोऱ्यांच्या बारच्या ताब्यात होती, काळ्या वकिलांना आत मज्जाव. माझ्या चहाचं सोडा हो, तो बाहेर टपरीवर मिळतो. लायब्ररी कुठल्या टपरीवर मिळणार? आणि बाबासाहेबांनी १९२३ ला मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटर त्यांना ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, द्यायला कचरत, हे तरी ऐकलंय ना?

बरं, मान्य. अशा संघटनांतही पदांची रस्सीखेच आणि हारतुरे होतातच. आपल्या बारच्या निवडणुका काय वेगळ्या असतात?

डेनिस आर्चर १९८३ ला नॅशनल बारचे अध्यक्ष झाले आणि २००३ ला त्याच अमेरिकन बारचे पहिले काळे अध्यक्ष. म्हणून कुणी नॅशनल बारला कुलूप लावलं नाही, लावायचं कारणही नव्हतं. हे ग्रुपवर टाकलं असतं तर उत्तरादाखल गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' आलं असतं, म्हणून इथे लिहिलं.