मोकळे, पायरी चौथी

माझी उंची ५ फूट ८ इंच आहे. हे आधीच लेखी नोंदवून ठेवतो, कारण गेल्या आठवड्यात सासवडला एका माणसाने ती ५ फूट ७ असल्याचं चाळीसेक वारकऱ्यांसमोर मोठ्याने जाहीर केलं आणि त्या चाळिसांतल्या एकानेही माझी बाजू घेतली नाही. उलट एक आजी म्हणाल्या, "तेवढीच दिसतीय."

बेत साधा होता. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एक टप्पा चालायचा आणि रात्री घरी. ऑफिसातले आम्ही चौघे निघालो. दोघांनी हडपसरलाच रिक्षा केली. तिसऱ्याला दिवे घाटाच्या पायथ्याशी रथाचा मनासारखा फोटो मिळाला आणि त्याची वारी सुफळ संपूर्ण झाली. उरलो मी. तीस-बत्तीस किलोमीटरची चाल, त्यात एकादशी. म्हणजे वाटेत दर शंभर पावलांवर कुणीतरी साबुदाण्याची खिचडी हातावर ठेवणार, आणि प्रसादाला नाही म्हणायची सोय नाही. घाट चढून वर आलो तेव्हा पोटात साबुदाणा दगडी बांधकामासारखा बसला होता. खाली वाकून पाहिलं तर घाट वाहनांना बंद. परत जायचं तर आलो तसंच, पायी. मुक्काम पडला.

खरं सांगायचं तर मनातून मी सुखावलो होतो. सासवड म्हणजे काही साधं गाव नव्हे. ज्ञानोबांचे धाकटे भाऊ सोपानदेव, त्यांची समाधी कऱ्हेकाठी इथेच. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७२० साली वारले ते इथे. आचार्य अत्रे लहानाचे मोठे झाले ते इथे. एवढ्या थोरामोठ्यांना पुरलेलं गाव मला एका रात्रीपुरतं पुरेल, असा माझा हिशेब. डोळ्यांपुढे पुरंदऱ्यांच्या वाड्यासारखा एखादा वाडा, थंडगार दगडी ओटा, कुणीतरी आपुलकीने आणून दिलेला पाण्याचा तांब्या.

मिळाली ती एक शाळा. आणि शाळेच्या दारात ते काका.

पांढरी पैरण, लेंगा, कानावर खडू आणि कमरेला स्टीलचा टेप. त्यांच्या मागे सबंध व्हरांडाभर फरशीवर खडूच्या चौकटी आखलेल्या. प्रत्येक चौकटीत एक नंबर आणि एक वारकरी. मधून दोन रेघांची वाट काढलेली, तीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'वहिवाट'. ती थेट संडासाकडे जात होती.

"दिंडी नंबर?"

"दिंडी नाही. मी आपला एकटाच..."

"मोकळा समाज," त्यांनी वहीत लिहिलं. दिंडीबाहेर चालणाऱ्यांना वारीत हेच म्हणतात, मला ठाऊक होतं. पण काकांनी ते अशा सुरात म्हटलं की कोंडवाड्यात माझी नोंद होते आहे असं वाटलं.

"मोकळ्यांना व्हरांडा न्हाई. पायऱ्या हायेत. उंची?"

"पाच आठ."

"कुणी मोजली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणसाची उंची त्याला कॉलेजात कधीतरी कळते आणि मग तीच राहते, पुन्हा कोण मोजतंय! मी गप्प आहे असं पाहून काका म्हणाले, "पडा."

"काय?"

"आडवं पडा, साहेब. तोंडी माहितीवर मी हद्द कायम करत न्हाई."

दिवसभराच्या घामाने चिंब झालेला मी चौथ्या पायरीवर आडवा झालो. काकांनी माझ्या डोक्याशी एक रेघ मारली, टाचेशी एक मारली, मला बाजूला सरकवून टेप लावला आणि आरोळी ठोकली, "पाच सात!"

"पाच आठ आहे हो माझी. आज चाललोय एवढं म्हणून..."

"आडवं पडल्यावर माणूस वाढतो, साहेब, कमी होत न्हाई. उभं ऱ्हायलात तर साडेसहाच भरंल." मग जरा मऊ होऊन, "एकतीस वर्षं मोजणीत काढली मी. जिल्ह्यात असा बांध न्हाई की ज्याच्यावर माझी साखळी पडली न्हाई. आता रिटायर. पण वारी आली की हात शिवशिवतात. ह्या व्हरांड्यात आधी दरसाल मारामारी व्हायची. पाय तुझा का माझा, उशी तुझी का माझी. मी नकाशा केला. तीन वर्षं झाली, एक तंटा न्हाई."

आणि त्यांनी खरोखरच नकाशा दाखवला. वहीच्या जोडपानावर सबंध व्हरांडा. खांब, नळ, दोन चौकटींमधली दोन बोटांची फट, तिला नाव 'बांध'. ज्या आजींनी माझ्या उंचीवर शेरा मारला त्यांची चौकट १७ ब. त्या परभणीकडच्या, भरतात साडेचार फूट. त्यांच्या डोक्यावर दीड फूट जागा उरलेली, ती नकाशात हिरव्या पेन्सिलीने रंगवून लिहिलं होतं 'गायरान'. त्यात सात जणांची पायताणं होती.

"साडेतीन हाताचा देह, त्याला कशाला टेप लावतो रे बाबा," आजी म्हणाल्या.

"साडेतीन हात ज्याच्या त्याच्या हातानं, आजी. सरकारी मापात चालत न्हाई."

यावर आजींनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "कुठला रं तू?"

"पुण्याचा."

"मंग घरी का न्हाईस झोपत? हितनं काय लई लांब हाय का?"

परभणीहून पायी आलेल्या बाईला पुण्याचं अंतर काय समजावणार? मी पायरीवर सतरंजी पसरली.

आता एक तक्रार. वारीत जो तो दुसऱ्याला माउली म्हणतो, आणि हे फार सुंदर आहे असं मीही दरवर्षी चहा पिता पिता म्हणत आलोय. पण एक रात्र पायरीवर काढून पाहा. "सरा माउली." "पाय घ्या माउली." "माउली, तुमच्या पिशवीवर बसलोय, चालतंय ना?" शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. आई म्हणून ढकलणाऱ्याशी काय भांडणार? राग गळ्यापर्यंत येतो आणि तिथेच बसतो, साबुदाण्याशेजारी. मध्यरात्री संडासाच्या रांगेत तासभर उभा होतो. माझ्यापुढे निदान वीस बाया होत्या, कित्येक माझ्या आईच्या वयाच्या, आणि चालू नळ एक. आषाढी कधी आहे हे पंचांगवाल्याला किती आधी कळतं! टँकरवाल्याला मात्र ती दरवर्षी अचानक गाठते. बाया कुरकुरत नव्हत्या, अभंग म्हणत होत्या. त्या कुरकुरत नाहीत म्हणूनच हे असं चालतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. असो.

त्याआधी रात्री तळावर समाज आरतीला जाऊन आलो होतो. हे मात्र बघावं असं. हजारो टाळ एकदम वाजत असतात, चोपदार दंड उंचावतो, आणि सगळं चिडीचूप. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. मग तिच्याकडे जाऊन विचारपूस होते. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात. ना अर्ज, ना टोकन, ना 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यांनी या सोहळ्याला लष्करासारखी शिस्त लावली म्हणतात, ती अजून टिकून आहे. मी भारावून उभा होतो आणि मनात एकच: माझ्याकडे टाळ नाही.

तर मग रात्री पाऊस आला. पायऱ्यांवर छप्पर नाही. व्हरांड्यात जागा मागायला गेलो तर काका वही उशाला घेऊन जागेच. "नकाशा मंजूर झालाय," म्हणाले. आता समोरच्या अंधारात पुरंदर. १६६५ साली मिर्झाराजांशी तह झाला तो तिथलाच. महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. आपल्यालाही काही दिल्याशिवाय गत्यंतर नाही हे मला कळलं. मी पॉवर बँक दिली. शेंगदाण्याचे चार लाडू दिले. बदल्यात गायरानाच्या कडेला, पायताणांच्या पलीकडे, बसून काढायची जागा मिळाली. "तात्पुरता ताबा," काकांनी बजावलं. "मालकी न्हाई."

पहाटेच्या सुमारास कधीतरी माझा डोळा लागला आणि मांडीवरचा स्टीलचा डबा घरंगळला. झाकण सुटून पायरी, पायरी, पायरी करत खणखणत खाली गेलं. व्हरांडा ताडकन उठून बसला. काका बॅटरी घेऊन थेट माझ्यासमोर.

"बोला माउली. काय तक्रार?"

सबंध व्हरांडा माझ्याकडे बघत होता. चेष्टा नव्हती ती. टाळ वाजला, आता ऐकून घ्यायचं, इतकं साधं. बोलायला खूप होतं. नळ होता, रांग होती, पाऊस होता. पण झोपेतल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"पाच आठ आहे हो माझी."

काका दोन क्षण थांबले. मग वही उघडून, चष्मा लावून, खरोखर गंभीरपणे म्हणाले, "फेरमोजणीचा अर्ज म्हणून नोंद घेतो. पण फेरमोजणी पुढल्या वारीला. खडू भिजलाय."

सकाळी निघताना त्यांनी वहीतली माझी ओळ दाखवली. 'मोकळे, पायरी ४, पाच-सात, हरकत प्रलंबित.' पॉवर बँक परत दिली, पूर्ण रिकामी करून. आजी तोवर उठून, तुळशीला पाणी घालून, वळकटी बांधून तयार होत्या. त्यांच्या पालखीचा सासवडला अजून एक मुक्काम होता, घाई कसलीच नव्हती. जाता जाता म्हणाल्या, "घरी जाऊन झोप आता."

घरी आल्यावर बायकोला हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. नळाचं सांगितलं, समाज आरतीचं सांगितलं, पुरंदरच्या तहावरची माझी कोटी दोनदा सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लग्नाच्या बायोडाट्यात पाच-आठ कसं होतं?"

सध्या ती आत शिवणाच्या डब्यात टेप शोधते आहे. मी सोफ्यावर आडवा आहे. काकांच्या म्हणण्याप्रमाणे आडवं राहणंच माझ्या हिताचं.