मुंबईच्या वेळेचा चंद्र

परवाच्या संकष्टीला चंद्र समोर उगवलेला असताना मला उपाशी बसावं लागलं. बसवलं आमच्या घरमालक काकांनी. अजून पोटात आहे ते.

हल्ली मी रोज गच्चीवर जाऊन चंद्र बघतो आणि वेळ, दिशा वहीत टिपतो. दुर्बीण वगैरे काही नाही. नुसतं बघूनच लक्षात येतं की स्वारी रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवते. शुद्ध अष्टमीला तर भर दुपारी उगवून मध्यरात्रीच्या सुमाराला मावळते. हे शेजारच्या दहावीतल्या पोराला कौतुकानं सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, आयएमपी आहे का?"

असो. परवा काकांनी जेवायला बोलावलं होतं, तळणीचे मोदक होते. सगळे गच्चीवर. मोकळ्या प्लॉटांपलीकडच्या लिंबावर चंद्र आला, तांबूस, खालून जरा चेपलेला.

"काका, उगवला."

"नाही उगवला."

"तो काय, लिंबावर!"

काकांनी बघितलं. नीट, चष्मा पुसून बघितलं. मग किराणा दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरावर मोबाइलचा उजेड पाडून बोट ठेवलं. "नऊ सोळा. आता झालेत नऊ सहा. कशाला गडबड करायलाव?"

"मग तो कोण आहे?"

"असंल की. पण टाइम झाला नाही."

मी खालची बारीक अक्षरं दाखवली: 'वेळा मुंबईच्या'. परभणी मुंबईच्या पूर्वेला चार अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडं सोळा मिनिटं आधी. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सर, मुंबईच्या आधी परभणीला कधी काही आलंय का?"

गच्ची हसली. मीही हसलो, पण मनातून चडफडलो. दांडेकर समितीनं 1984 साली मराठवाड्यासारख्या भागांचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजून दिला, तेव्हापासून आम्ही तो शब्द चघळतोय. पाणी, रस्ते, रेल्वे, सगळ्यात मागं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते म्हणून तेवढी सोळा मिनिटं आम्हाला फुकट पदरात पडली होती, मंत्रालयात फाइल न फिरवता. तीही काकांनी स्वखुशीनं मुंबईला परत केली! वर उपाशी बायकांनी त्यांचीच बाजू घेतली. "छापलंय म्हणल्यावर थांबावंच लागतंय ना भाऊजी."

नऊ सोळाला काकांनी "उगवला!" असं जाहीर केलं. काकूंनी अर्घ्य दिलं. मोदक गार.

पंगतीत काकांनी मला एक जादा कॅलेंडर दिलं. "रोज वर चढून मान कशाला मोडून घेता, सर? ह्याच्यात वर्षभराचं सगळं आहे."

घेतलं. मोदकांचा दुसरा वाढा अजून यायचा होता.