डॉल्बी, हलगी आणि बर्लिनमधला रविवार

अनंत चतुर्दशीच्या रात्री आईचा फोन आला. बर्लिनमध्ये संध्याकाळ होती, कोल्हापुरात मिरवणूक महाद्वार रोडवर रेंगाळलेली. आई बोलत होती, पण मला ऐकू येत होती ती तिच्या मागची धडधड. "अगं, खिडकीच्या काचा थरथराय लागल्यात. तुझ्या बाबांना आतल्या खोलीत निजवलंय, कानात कापूस घालून." बाबांची बायपास होऊन दोन वर्षं झाली आहेत. मी घरच्या ग्रुपवर रागाने लिहिलं की हे आता बंद झालं पाहिजे. दादा आमच्या तालमीचा, म्हणजे गल्लीतल्या मंडळाचा, जुना कार्यकर्ता. त्याचं उत्तर लगेच आलं: "तू तिकडं रविवारी रविवारी डीजेवर नाचतीस ते चालतं, आन् आमचं बंद करा म्हणतीस?"

त्या प्रश्नाचं मला लगेच उत्तर देता आलं नाही. प्रश्न खरा आहे, म्हणून इतके दिवस तो मनात घोळतो आहे.

मी अकरा वर्षं इथे राहते. त्याआधी कोल्हापुरात मिरवणूक पाहिली ती कायम गॅलरीतून. खाली भिंतीएवढे स्पीकर रचलेले ट्रॅक्टर, पुढे नाचणारी सगळी पोरं, आणि वर गॅलऱ्यांमधून आम्ही मुली, काकवा, आज्या. (आमच्याकडे या स्पीकरच्या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. त्या नावाच्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही.) छातीत बेस घुसायचा तेव्हा मला भीती वाटायची आणि खाली उतरावंसंही वाटायचं. उतरले मात्र कधीच नाही.

पहिल्यांदा नाचले ती बर्लिनमध्ये, रविवारी दुपारी तीन वाजता. इथले काही क्लब शनिवारी मध्यरात्री उघडतात आणि सोमवारी सकाळपर्यंत चालू राहतात. लोक रविवारी घरी न्याहरी करून निवांत येतात. दारावर माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला गेला. आत कुणी कुणाचा व्हिडिओ काढत नव्हतं, कुणी माझ्याकडे टक लावून पाहत नव्हतं. आवाज प्रचंड होता, तरी शेजारच्या मैत्रिणीशी बोलताना मला ओरडावं लागत नव्हतं. हे कसं, ते नंतर कळलं. जर्मनीत अशा ठिकाणांसाठी मानक ठरलेलं आहे: अर्ध्या तासाची सरासरी 99 डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्पीकर फाटेपर्यंत ताणलेले नसतात. कानाला त्रास होतो तो नुसत्या मोठेपणाचा नसतो, फाटलेल्या आवाजाचाही असतो. बारवर कानात घालायचे बोळे मिळतात आणि जुनी जाणती माणसं ते न लाजता घालतात.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मला फक्त जोर हवा होता. वेगवान, कोरडं, लोखंडावर लोखंड आपटावं तसं टेक्नो, म्हणजे यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत. गॅलरीतून जे राहून गेलं ते मी इथे वसूल करत होते, असं आता वाटतं. मग एकदा क्रॉइत्सबर्गमधल्या 'हार्ड वॅक्स' या रेकॉर्डच्या दुकानात 'बेसिक चॅनल'ची एक जुनी बारा इंची तबकडी हाताला लागली. मॉरित्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क एर्नेस्टुस या दोघांचं 1993-94 सालातलं काम. एर्नेस्टुसनेच हे दुकान 1989 साली काढलेलं. त्या संगीतात जवळपास काही घडतच नाही. एक स्वरगुच्छ, त्याचे प्रतिध्वनी, खाली संथ ठोका. पण दहा मिनिटांत तो एकच गुच्छ धूसर होतो, उजळतो, मागे सरतो, पुन्हा जवळ येतो. जमैकातल्या 'डब' या संगीतप्रकाराच्या ध्वनिमुद्रकांनी शोधलेली, आवाज काढून टाकत जाण्याची युक्ती या दोघांनी टेक्नोत आणली.

ते ऐकताना मला आत्याची सकाळ आठवली. आत्या गाणं शिकायची तेव्हा आधी बराच वेळ नुसता तानपुरा चालू असायचा. एकाच षड्जात किती काय भरलेलं असतं हे ती मला ऐकायला लावायची. तिचा तानपुरा विजेवर चालणारा होता, डब्याएवढा, बटणाचा. तो 'आपला' नाही असं तिच्या गुरुजींना कधी वाटलं नाही.

तिथून माझं ऐकणं हळूहळू घराकडे वळलं. हल्ली मी सर्वांत जास्त काय ऐकते, तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतली ध्वनिमुद्रणं. 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे मूग सिंथेसायझर हे विजेवर सूर निर्माण करणारं यंत्र बसवून स्टुडिओ उभा केला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा यांनी त्यावर काम केलं. फिती कपाटात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधून काढल्या आणि 2023 मध्ये त्यातल्या निवडक प्रकाशित झाल्या. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी आपल्याकडे हे सुरू झालं होतं, आणि मला ते पन्नासहून अधिक वर्षांनी परदेशात बसून कळलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरे चरणजित सिंग. मुंबईतल्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. 1982 साली त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन वाद्ययंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. तबकडी चालली नाही. त्यातलंच टीबी-303 हे यंत्र पुढे शिकागोत ॲसिड हाउस या नाचाच्या संगीतप्रकाराचा आवाज बनलं, पण त्या प्रकारातली पहिली गाजलेली तबकडी 1987 ची. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा जगाने कान टवकारले. त्यातला भैरव मी इथल्या हिवाळ्यात, आठ वाजता उजाडतं तेव्हा लावते.

हे सगळं ऐकून झाल्यावर 'डीजे नको, पारंपरिक वाद्यं हवीत' ही घोषणा मला नीट पचत नाही. परंपरा कुठल्या वर्षी थांबली असं आपण धरतो? हार्मोनिअमची पेटी परदेशी म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत वर्ज्य केली होती. आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. गल्लीतला बेंजो जपानी वाद्याच्या पोटी जन्मलेला आहे. यंत्राचं आहे म्हणून संगीत खोटं, हा मुद्दाच मला मान्य नाही.

आईच्या काचांचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. इथल्या निवासी भागातले आकडेही जवळपास तेच आहेत, तेव्हा कायदा कमी पडला असं नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे पंचावन्नच्या जागी पंच्याण्णव झाले तर दहा हजारपट. शिवाय बेस भिंतीला जुमानत नाही. कापूस शिट्टी अडवतो, बेस अडवत नाही. बाबांच्या छातीवर बसतो तो हाच आवाज.

पण मोजायचंच असेल तर सगळ्यांचं मोजा. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांवर तीस जणांची मर्यादा घातली, तेव्हा संताप झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ढोल मला अतिशय आवडतो. तरीही शंभर ढोल एका चौकात वाजले तर माझ्या आईच्या खिडकीला ते परंपरेचे आहेत हे कसं कळणार? डेसिबलचं यंत्र वाद्य पाहत नाही. आपण वाद्य पाहतो आणि वाजवणारा कोण हेही पाहतो.

मला दादाशी बोलायचं आहे ते याबद्दल. इचलकरंजीत, सांगलीत, लातूरमध्ये पोरं घरच्या खोलीत बसून हलगी, संबळ, आराधी गाणी, भीमगीतं यांचे मिक्स करतात. मधेच स्वतःचं नाव पुकारून घेतात, कारण दुसरीकडे कुठेही त्यांचं नाव छापलं जात नाही. त्यातलं पुष्कळसं सुमार आहे, काही गाण्यांचे शब्द तर बाईने ऐकूच नयेत असे. पण काहींमध्ये हलगीचा ठोका असा चिरून उलटसुलट बसवलेला असतो की मी बसच्या थांब्यावर ते पुन्हा मागे नेऊन ऐकते. यावर कुणी दोन ओळी गंभीरपणे लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वृत्तपत्रात ते येतं फक्त 'डीजेचा दणदणाट' या मथळ्याखाली.

टेक्नोही डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय पोरांनी घरच्या खोल्यांत बसून केलं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन. बर्लिनने भिंत पडल्यावरच्या रिकाम्या तळघरांत ते उचललं. 1991 साली 'ट्रेसोर' हा क्लब सुरू झाला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीच्या खोल्यांत. पुढे 2016 मध्ये इथल्या कर न्यायालयाने बर्गहाइन या क्लबमधलं डीजेवादन मैफलीसारखंच आहे असं मानून 19 टक्क्यांऐवजी 7 टक्के कर लागू केला. 2024 मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. मला आनंद झाला. पण वारसा म्हणून शिक्का बर्लिनला मिळाला, हे डेट्रॉइटच्या माणसाला कसं वाटलं असेल, असंही मनात आलं.

इथे सगळं आलबेल आहे असं मी दादाला सांगणार नाही. भाडी परवडत नाहीत म्हणून क्लब बंद पडतात. श्प्रे नदीकाठचा 'वॉटरगेट' 2024 च्या अखेरीस गेला. एका दारावरून मला दोनदा परत पाठवलं आहे, कारण न सांगता, आणि दोन्ही वेळा माझ्यामागच्या गोऱ्या मुली आत गेल्या. पण क्लब आणि शेजारी यांच्यातला तंटा मिटवायला या शहराने 2018 साली दहा लाख युरोंचा निधी काढला: भिंती जाड करा, स्पीकर नीट बसवा, संगीत चालू ठेवा. मिरवणुकीला भिंती नसतात, हे मला कळतं. तरी स्पीकरची संख्या, त्यांची दिशा, बेसची मर्यादा, हे सगळं ठरवता येतं. ते ठरवायला आवाज समजणारी माणसं लागतात, आणि ती डीजेवाल्यांमध्येच आहेत. त्यांना बोलावून विचारत कुणी नाही.

रविवारी मी दादाला फोन केला. आधी बाबांची चौकशी, मग त्याची नेहमीची फुरफुर. मी त्याला सांगितलं की मी बंद करा म्हणणार नाही, पण तू आईच्या खिडकीत उभं राहून फोनवर डेसिबल मोज. आणि दुसरं, पुढच्या वर्षी तालमीपुढे बायकांना नाचायला जागा कर, गॅलरीतून बघायला लावू नका. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पहिलं करतो. दुसऱ्याचं तालमीत विचाराय पायजे."

मी त्याला एक हलगीचा मिक्स पाठवला आहे. हेडफोन लावून हळू आवाजात ऐक म्हटलंय, म्हणजे दुसऱ्या मिनिटाला हलगीच्या कडेवरची ती बारीक टिकटिक ऐकू येईल. डॉल्बीवर ती कधीच ऐकू आली नसणार. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.