पाळीव डुकराचे काही आठवड्यांत रानडुक्कर होते का?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. पाळीव डुक्कर मोकाट सुटले की काही आठवड्यांत त्याला सुळे आणि राठ केस फुटून त्याचे रानडुक्कर होते, अमेरिकेतली 60 लाख डुकरे अशीच झाली, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली आणि आरेतली रानडुकरेही नाल्यांतल्या डुकरांपासूनच झाली, म्हणून त्यांची शिकार खुली करावी, असे त्यात म्हटले आहे. यातला 60 लाखांचा आकडा तिकडच्या अंदाजांशी जुळतो. बाकीचे विधान मुळातून तपासायला हवे.

सुळे बाहेर सुटल्यामुळे फुटत नाहीत. ते पाळीव नरालाही असतात आणि जन्मभर वाढतात. खालचा सुळा वरच्या सुळ्यावर सतत घासला जात असल्याने त्याला आपोआप धार येते. मांसासाठी पाळलेली बहुतेक डुकरे सहा महिन्यांच्या आसपास कापली जात असल्यामुळे वाढलेले सुळे आपल्या पाहण्यात येत नाहीत, इतकेच. थंडीत केस दाट होतात हे खरे. परंतु रानडुकराच्या पिल्लाच्या अंगावरचे फिकट पट्टे आनुवंशिक असतात आणि ते पाळीव डुकराच्या अंगावर काही आठवड्यांत उमटत नाहीत.

अमेरिकेत डुक्कर मुळात नव्हतेच. 1539 मध्ये स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख हर्नांडो दे सोतो याने फ्लोरिडात डुकरे उतरवली, पुढे वसाहतवाल्यांची मोकाट चरणारी डुकरे रानात गेली, आणि 1912 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात शिकारीसाठी कुंपणात आणून ठेवलेली युरोपीय रानडुकरे काही वर्षांनी निसटून त्यांच्यात मिसळली. आजचे कळप म्हणजे कैक पिढ्यांचा हा संकर आहे. मादी वर्षाच्या आत वयात येते, सुमारे 115 दिवसांत विते आणि एका वेताला साधारण चार ते सहा पिल्ले देते. तरीही त्यांचा अलीकडचा फैलाव केवळ त्यांच्या पायांनी झालेला नाही. शिकारीच्या हौसेपायी माणसांनीच ती गाड्यांत घालून नव्या भागांत नेऊन सोडली.

म्हणूनच ‘शिकार खुली करा’ हा उपाय मला सर्वांत घातक वाटतो. टेनेसी राज्याने 1999 मध्ये नेमके हेच केले. शिकारीसाठी डुक्कर जवळपास हवे म्हणून लोकांनी ते नव्या जिल्ह्यांत सोडले, फैलाव वाढत गेला, आणि 2011 मध्ये राज्याला धोरण उलटे फिरवावे लागले. बंदुकीच्या आवाजाने कळप पांगतो आणि रात्री चरू लागतो. त्यापेक्षा मोठ्या गोल कुंपणात काही दिवस मका टाकतात, कळप निर्धास्तपणे आत येऊ लागेपर्यंत थांबतात आणि शेवटचे डुक्कर आत आल्यावरच दार पाडतात. दोन-चार माद्या बाहेर राहिल्या, तरी कळप पुन्हा उभा राहतो.

आपल्याकडचे रानडुक्कर मात्र इथलेच आहे. ते भारतीय उपखंडातले मूळचे जनावर आणि बिबट्याचे भक्ष्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे. कोकणातल्या शेतकऱ्याचे भात ते रात्रीत लोळवते, हे नुकसान खरे आहे. पण त्यामुळे ते परके ठरत नाही. नाल्यातले डुक्कर पाळीव आहे आणि त्याचा बंदोबस्त हा शहराच्या स्वच्छतेचा प्रश्न आहे. दोन्ही एकाच प्रजातीची असल्याने त्यांचा संकर होऊ शकतो, ही काळजी रास्त आहे. ती ज्यांना वाटते त्यांनी जंगलाच्या कडेला टाकले जाणारे उरलेसुरले अन्न उचलण्याची मागणी करावी, कारण दोन्ही डुकरांना एका जागी आणणारे तेच आहे.